मढचं टोक

अष्टमीला भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, पुनव-अवसेला उधाण. मालाड स्टेशनाहून सुटणारी बेस्टची 271 क्रमांकाची बस जिथवर जाऊन परत फिरते, त्या मढ गावातल्या कोळीवाड्यात दिवसाची आखणी आजही या हिशेबाने होते. होडी कधी काढायची, जाळं कधी ओढायचं, धक्क्याला केव्हा लागायचं, हे घड्याळाआधी चंद्र ठरवतो. बस जिथून निघते तिथे दर तीन-चार मिनिटांनी लोकल येते आणि फलाटावरचा माणूस तिथीची आठवणही काढत नाही. बस जिथे थांबते तिथे तिथी चुकली तर होडी चिखलात रुतते. दोन्ही ठिकाणं एकाच महानगरपालिकेत, एकाच उपनगर जिल्ह्यात आहेत.

नकाशा समोर धरला की मढचं वेगळेपण चटकन ध्यानात येतं. वेसाव्याच्या उत्तरेला मालाडची खाडी समुद्राला मिळते. तिच्या पलीकडून जमिनीची एक लांबट पट्टी दक्षिणेकडे उतरत येते आणि समुद्रात खडकाळ टोक काढून संपते. हेच मढचं भूशिर. पट्टीच्या पूर्वेला खाडी, चिखल आणि कांदळवन आहे. पश्चिमेला मात्र उघडा अरबी समुद्र. मढ, भाटी, एरंगळ, धारवली, आक्सा, मार्वे ही गावं या पट्टीवर माळेसारखी ओवलेली आहेत. मार्व्याच्या पुढे आणखी एक खाडी आडवी येते आणि तिच्या पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन आणि चौक. तो भाग पूर्वापार धारावी बेट म्हणून ओळखला जातो. दादर-माहीमजवळची धारावी ती निराळी. मढला बेट म्हणायची सवय सगळ्यांनाच आहे, पण आज ते बेट राहिलेलं नाही, मालाडहून सरळ रस्ता जातो. तरी तिथे राहणाऱ्यांचं रोजचं जगणं अजून बेटावरचंच आहे.

वेसाव्याच्या धक्क्यावरून मढ इतकं जवळ दिसतं की पलीकडच्या होड्यांचे रंग ओळखता येतात. फेरीबोटीने पाचेक मिनिटांचा प्रवास. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळी एकाच बोटीत. तेच अंतर गाडीने जायचं तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, मालवणी, मार्वे असा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो आणि रहदारीच्या वेळी तासाहून जास्त वेळ जातो. पावसाळ्यात दर्या खवळला की फेरी थांबते. मग समोर दिसणारं गाव एकदम दूर जातं.

या टोकाचा खडक हा मुंबईच्या घडणीतला सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचायला फारच थोडे लोक जातात. सह्याद्री म्हटलं की काळा कातळ, बेसाल्ट, डोळ्यांपुढे येतो. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्याचा मुख्य भर साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर नाहीसे झाले तोही हाच काळ. पण साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं वसलेल्या बेटाच्या, पश्चिम किनाऱ्यावर, मढ ते उत्तन या पट्ट्यात, निराळे खडक भेटतात. रायोलाइट, ट्रॅकाइट अशी त्यांची नावं. बेसाल्टपेक्षा त्यांत सिलिका जास्त, रंग बराच फिकट. ज्या लाव्ह्यापासून ते झाले तो घट्ट, चिकट, सावकाश सरकणारा होता. उत्तनजवळच्या डोंगरीचा रायोलाइट आणि मनोरीचा ट्रॅकाइट यांची वयं आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढली गेली आहेत, आणि ती 6 कोटी ते 6 कोटी 30 लाख वर्षांच्या दरम्यान येतात. याचा अर्थ असा की पठारावरचा मोठा उद्रेक ओसरला, डायनोसॉर गेले, त्यानंतरही तीस ते साठ लाख वर्षांनी मुंबईच्या पश्चिमेला जमीन पेटतच होती. आजच्या मुंबईचा किनारा हा त्या शेवटच्या अंकाचा रंगमंच आहे.

दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचत, त्यांत गाळ बसे आणि जीवही नांदत. वरळीच्या अशा गाळथरात सापडलेल्या इवल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 मध्येच करून ठेवलं. पुढे ही सगळी थरांची चळत पश्चिमेकडे कलली. पनवेलजवळून जाणाऱ्या भूकवचाच्या एका मोठ्या बाकामुळे मुंबईतले खडक समुद्राच्या दिशेने झुकलेले आहेत. म्हणून मढच्या टोकावर उभं राहिलं की पायाखालची खडपी आपणहून पाण्यात उतरत गेल्यासारखी वाटते.

लाव्हा निवताना आक्रसतो. आक्रसताना त्याला तडे जातात आणि ते तडे बहुधा पाच-सहा बाजूंचे उभे खांब घडवतात. डोंगरीच्या रायोलाइटमध्ये असे खांब उत्तम दिसतात. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात उभी असलेली गिल्बर्ट टेकडी, सुमारे 200 फूट उंचीची, माथ्यावर गावदेवीचं देऊळ असलेली, हीसुद्धा अशाच खांबांची. मात्र ती काळ्या बेसाल्टची आहे. तिचंही वय 6 कोटी वर्षांच्या आसपास निघतं. म्हणजे अंधेरीचा हा सुळका आणि मनोरीचा किनारा ही एकाच कालखंडातली भावंडं. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असेच सुमारे चाळीस हजार खांब आहेत, जायंट्स कॉजवे नावाचे. युनेस्कोने 1986 मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलं, आज जगभरचे लोक ते बघायला जातात. कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरही असेच खांब आहेत आणि तिथे होड्या भरून जातात. बोरिवलीच्या शाळेतल्या मुलांना हे खांब पाहायला आयर्लंडला जायची गरज नाही, गोराईच्या खाडीची फेरीबोट पुरते. उपनगरातल्या प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या भूगोलाचा एक दिवस तरी या किनाऱ्यावर घालवायला हवा.

खडकाने किनाऱ्याला आकार दिला आणि त्या आकाराने माणसाला जागा दिली. जिथे कठीण खडक समुद्रात घुसला तिथे टोक झालं, दोन टोकांच्या मध्ये जिथे लाटांचा जोर ओसरला तिथे वाळू साचली. दानापानी, एरंगळ, आक्सा, मनोरी, गोराई अशा पुळणींची ही रांग तशीच तयार झालेली आहे. पण टोकाला वळसा घालणारं पाणी पुळणीवर नुसतं शांतपणे येत नाही. परत फिरताना ते ठरावीक जागी एकवटून जोराने आत ओढ घेतं. आक्सा किनाऱ्यावर दर पावसाळ्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात त्यामागे हीच ओढ आहे, आणि वाळूच्या तळाशी सतत जागा बदलणारे खड्डे. गावातली जाणती माणसं पोहायला येणाऱ्यांना जागा दाखवून अडवतात. तिथे जीवरक्षकही असतात. शहरातून आलेल्या तरुणांना समोर निवांत चौपाटी दिसते आणि ते जीवरक्षकाच्या शिट्टीकडे काणाडोळा करतात. ही शिट्टी ऐका, एवढंच त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं.

टोकावर किल्ला आहे. कागदोपत्री तो वेसाव्याचा किल्ला, बोलण्यात मढचा. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला, त्यानंतर दोनशे वर्षं साष्टीवर त्यांचा अंमल राहिला. इंग्रजांना मुंबई मिळाली ती 1661 च्या दोन राजघराण्यांमधल्या विवाहकराराने, आहेर म्हणून. पण अंधेरी, मालाड, बोरिवली, मुलुंड हे सगळं पोर्तुगीजांकडेच होतं. माहीमच्या खाडीपलीकडे परकं राज्य सुरू होई. त्या राज्याने समुद्राकडच्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी पहारा बसवला. वांद्र्याच्या टोकावरचा किल्ला 1640 चा, उत्तरेला वसईचा बलाढ्य कोट, मधल्या चौकजवळ धारावीचा किल्ला आणि मालाडच्या खाडीच्या तोंडावर हा मढचा. आकाराने तो लहान. काम एकच: समुद्रातून खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत आधी नजरेत आलं पाहिजे. टोकाची उंची आणि तिन्ही बाजूंचं पाणी पाहिलं की ही जागा निवडणाऱ्याच्या डोळ्याला दाद द्यावी लागते.

1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाणं घेतलं आणि साष्टीचा बहुतेक मुलूख मराठ्यांकडे आला. किनाऱ्यावरची ठाणी मात्र झुंजत राहिली, कारण समुद्राची वाट त्यांना मोकळी होती. रसद आणि माणसं जहाजातून येत. वसईला वेढा घालायचा तर ही वाट बंद करणं भाग होतं. 1739 च्या सुरुवातीला वेसाव्याचा आणि धारावीचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईच्या मोहिमेवर मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या विजयाची तयारी या लहान टोकांवर झाली, हे फारसं कोणी सांगत नाही. चौकला चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. मढला या इतिहासाची आठवण करून देणारा चार ओळींचा फलकही ठळकपणे भेटत नाही. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि वेसावं घेतलं, 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे आजचं मुंबई उपनगर साधारण पस्तीस वर्षं मराठ्यांच्या राज्यात होतं. अंधेरी-बोरिवलीत वाढलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

किल्ला आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, सहजी आत जाता येत नाही. बाहेरची तटबंदी बऱ्यापैकी उभी आहे. सिनेमावाल्यांना ती फार आवडते, त्यामुळे देशातल्या कोट्यवधी लोकांनी मढचा किल्ला पडद्यावर पाहिलेला असतो. फक्त तो मढचा हे त्यांना माहीत नसतं. किल्ल्याजवळच किल्लेश्वर महादेवाचं देऊळ आहे. गावच्या माणसाच्या दृष्टीने टोकाचं खरं ठाणं ते. होडीतून जाताना हात जोडले जातात ते त्याला.

एरंगळच्या वाळूवर, समुद्राकडे तोंड करून, सेंट बोनाव्हेंचरचं चर्च उभं आहे. 1575 मधलं. मुंबईतल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी ते एक. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते. मालाड, ओरलेम, वेसावे, मनोरी, गोराई, वांद्रे, थेट वसईपर्यंतची ईस्ट इंडियन कुटुंबं येतात. पूर्वी बैलगाड्या जुंपून आणि होड्या करून यायची, आता टेम्पो आणि बसने. वाळूवर चुली पेटतात, झाडाखाली चटया पडतात, तीन पिढ्या एका पंगतीत जेवतात. या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव 1887 मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी. पण त्यांची बोली मराठी, लग्नातली गाणी मराठी, आडवाटेच्या शेतांची आणि विहिरींची नावं मराठी. ते या मातीतलेच कोळी, भंडारी, कुणबी. जत्रेला हिंदू कोळीही नवस फेडायला येतात. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला पाठीशी कोणीतरी हवं असतं. ते कुठल्या वेदीवर आहे याची फार चौकशी तो करत नाही. मराठी समाजाने ईस्ट इंडियनांना आपलं म्हणण्यात फार उशीर केला आहे, आणि एरंगळच्या जत्रेत एक दिवस घालवला तर तो उशीर भरून काढता येईल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मासळी. मढ आणि भाटीचे कोळी डोलकर. डोल म्हणजे लांबलचक नरसाळ्यासारखं जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणी जाळ्यातून वाहतं आणि मासळी शेवटच्या बारीक आसाच्या पिशवीत जमते. माणूस मासळीच्या मागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देतं. म्हणून तर सुरुवातीला सांगितलेला भांग-उधाणाचा हिशेब इतका महत्त्वाचा. उधाणाला प्रवाह जोराचा, जाळं भरतं. भांगाला पाणी सुस्त, जाळं रिकामं. पाणी वळायच्या आधी थोडा वेळ थबकतं. त्या वेळात होडीचा प्रमुख तांडेल आणि खलाशी जाळं ओढून घेतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढते, त्यामुळे प्रवाहाला ताकद भरपूर. डोल या किनाऱ्याला शोभणारंच जाळं आहे. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे सगळं त्यातलं.

बोंबील पाण्याने भरलेला, नाजूक मासा, लगेच नासतो. म्हणून तो वाळवायचा. बांबूंच्या उंच मांडवांवर, म्हणजे वलांड्यांवर, दोर ताणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. हे सारं बायका करतात, इतक्या झपाट्याने की बघणाऱ्याचा डोळा मागे पडतो. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात मासळी कोरडी ठणठणीत होते. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत मढ, वेसावे, गोराई, उत्तन इथल्या किनाऱ्यांवर अशा हजारो वलांड्या भरलेल्या असतात. तो माल अंधेरीजवळच्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जातो, आणि पावसाळा जवळ आला की उपनगरातली कितीतरी घरं तिथून चार महिन्यांची बेगमी करतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा ही सुकी मासळीच चूल राखते. कोळणींच्या या कामाला कष्ट लागतात, तसं ऊन आणि वाराही लागतो, आणि या सगळ्यांइतकीच एक गोष्ट लागते ती म्हणजे मोकळी जागा. शहराच्या नकाशावर ही जागा रिकामी दिसते. बांधकामाचं कंत्राट घेणाऱ्याला ती पडीक वाटते. कोळणीच्या लेखी तो कारखाना आहे.

टोकावरच्या खडपींवरही चूल चालते. ओहोटीला बायका खडकाला चिकटलेली कालवं लोखंडी टोच्याने फोडून काढतात, खाडीच्या बाजूला चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या सापडतात. भरती-ओहोटीच्या मधल्या या पट्ट्यात समुद्रफुलं, शंख, खेकडे, गोगलगायी असा केवढा तरी जीवांचा बाजार भरलेला असतो. गेल्या काही वर्षांत निसर्गप्रेमी मुंबईकर ओहोटीच्या वेळी टॉर्च आणि वही घेऊन खडकांवर फिरू लागले आहेत, 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाने तर ही नोंद नेटाने चालवली आहे. शहराने आपल्या किनाऱ्याकडे खाली वाकून पाहायला सुरुवात केली, ही फार चांगली गोष्ट घडली.

मढच्या दूरपणाने आजवर दोन कामं केली. त्याने गावांना राखलं आणि गावांना छळलंही. मोठा दवाखाना नाही, रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण मालाडपर्यंत न्यायचा तर मार्वे रस्त्यावरचं प्रत्येक वळण जीव टांगणीला लावतं. गोराई-मनोरीचं दुखणं आणखी जुनं. खाडीपलीकडे बोरिवली समोर दिसते, पण गाडीने जायचं तर उत्तन-भाईंदरवरून वळसा. पाण्याची टंचाई तर पिढ्यान्‌पिढ्यांची. त्याच मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारायचं महापालिकेने ठरवलं आहे. पहिल्या टप्प्यात दिवसाला 20 कोटी लिटर. ते पाणी शहराकडे वाहून नेण्याआधी मनोरीच्या नळाला येईल, एवढं तरी न्याय्य धोरण हवं.

बाहेरून आलेल्यांना मात्र हाच दूरपणा हवाहवासा वाटला. मार्व्यापासून मढपर्यंत श्रीमंतांचे सुटीचे बंगले उभे राहिले, मग त्यांत चित्रीकरणं सुरू झाली. आक्सा-मार्वे भागात नौदलाचं आयएनएस हमला आहे, पुरवठा व्यवस्थेचं प्रशिक्षण देणारं. गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं, आणि 2009 मध्ये विपश्यनेचा पॅगोडा खुला झाला. त्याच्या घुमटाला आतून एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत गुंतवून 280 फूट व्यासाचं छत तोललं आहे. दगडाच्या कामातली ही करामत खरोखर बघण्यासारखी. पण प्रत्येक नवी गोष्ट इतकी निर्मळ नव्हती. मढ परिसरात किनारा नियमन धाब्यावर बसवून चित्रीकरणाचे भव्य स्टुडिओ बांधले गेले, आणि हरित लवादाच्या आदेशानंतर एप्रिल 2023 मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. आक्साच्या वाळूत भिंत बांधली गेली, तो वादही लवादापर्यंत गेला. वाळूला सरकायला जागा लागते. भिंत घातली की लाट तिच्यावर आदळून पायथ्याची वाळूच खरवडून नेते, हे जगभरच्या किनाऱ्यांवर सिद्ध झालेलं आहे.

आणि आता पूल. वेसावे ते मढ, मालाडच्या खाडीवरून, सुमारे दोन किलोमीटरचा. वीस किलोमीटरचा वळसा काही मिनिटांवर येईल. शिवाय वेसाव्याहून उत्तरेला दहिसर-भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता कांदळवनांमधून आखला आहे. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या 26 जुलैला मुंबई बुडाली होती, आणि खाडीकाठची झाडं तोडल्यावर पाणी कुठे जातं ते अवघ्या शहराने पाहिलं होतं. मालाडच्या खाडीची तिवरं ही मढची उशी आहेत. वादळात लाटेचा जोर ती झेलतात आणि निवट्यांपासून कोळंबीच्या पिल्लांपर्यंत साऱ्यांना तीच पोसतात.

पूल नको, असं म्हणणं सोपं आहे. अंधेरीत बसून तर फारच सोपं. ज्याच्या आईला रात्री दोन वाजता रिक्षातून मालाडला न्यावं लागलं, त्याला तसं म्हणता येणार नाही. मढच्या तरुणांना कॉलेजं आणि नोकऱ्या वेसाव्याच्या बाजूला हव्या आहेत, त्यांचा हक्क आहे तो. पण पुलावरून फक्त रुग्णवाहिका जाणार नाही. जमिनीचे भाव त्यावरून येतील, शनिवार-रविवारच्या गाड्यांची रांग येईल, बांधकामाचे ट्रक येतील. मुंबईत ज्या ज्या कोळीवाड्याशेजारी रस्ता रुंद झाला तिथे काय झालं हे वरळीला आणि माहीमला जाऊन पाहता येतं. आधी मासळी वाळवायची जागा गेली, मग होड्या ओढायची, मग कोळीवाड्याला झोपडपट्टी म्हणायची सुरुवात झाली. मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सीमांकन कितीतरी वर्षं रखडलेलं आहे. ज्याची हद्द कागदावर नाही, त्याची जागा कोणालाही मोकळी दिसते.

म्हणून पुलाच्या पहिल्या खांबाआधी काही गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्या अशक्य नाहीत. मढ, भाटी आणि वेसावे या कोळीवाड्यांची हद्द ठरवून ती विकास आराखड्यात नोंदली जावी. वलांड्यांच्या जागा, धक्के, जाळी विणायच्या पडव्या यांना मासेमारीच्या जागा म्हणून नाव आणि संरक्षण मिळावं. पुलाचे खांब जिथे उभे राहणार तिथे डोलीचे खुंट कुठे आहेत, हे तांडेलांना विचारून नकाशावर आणलं जावं, कारण ते ज्ञान कुठल्याही कार्यालयात नाही. मढमध्ये चोवीस तास चालणारा दवाखाना पूल होण्याची वाट न पाहता सुरू व्हावा. किल्ल्यापाशी आणि डोंगरीच्या खांबांपाशी त्यांची ओळख सांगणारे फलक लागावेत, मराठीत. आणि पुलावर जनसुनावणी होईल तेव्हा ती मढच्या कोळीवाड्यात व्हावी, उधाणाचे दिवस टाळून, भांगाच्या दिवशी. त्या दिवशी होड्या बंदरात असतात आणि तांडेल घरी असतो.